हातचा एक

खार्तूमच्या गोदामात मी फळीवर धूळ बसू दिली नाही.
माल सकाळी उतरायचा, सांजेला निघायचा.
साठा म्हणजे निजलेला पैसा, असं मी
नव्या पोरांना सांगायचो, टाय सैल करत.
एक बंदर. एक रस्ता. एक ठेकेदार.
आणि एकच भलंमोठं शीतगृह,
भिंतीपलीकडे घुरघुरणारं,
पोट भरलेल्या मांजरासारखं.

एका शनिवारी घुरघुर थांबली.
चौथ्या दिवशी कुणी दार फोडलं, फ्रीज नेले,
आणि इन्सुलिनच्या अकरा हजार कुप्या
अंगणात ओतून गेले, उन्हाला.

आता अत्बऱ्यात मेहुण्याच्या ओसरीत बसतो.
समोर शाळेची वही, चौकडीची.
फोन लागला तर लागला.
पोर्ट सुदानहून तिजानी येतो, मसुराच्या पोत्यांखाली
थर्मास दडवून. त्याला फक्त माझं दार ठाऊक.
मला ठाऊक शेंदीची अवदिया कुंभारीण.
अवदियाला, मेतेम्माच्या काठाला लागणारा नावाडी.
नावाड्याला कोण, ते मी विचारत नाही.
एकाला धरलं तर
एकदोन नावं जातील, बाकीचे घरी जेवतील.

शीतगृह म्हणाल, तर अवदियाचे रांजण:
मोठ्यात धाकटा, मधे वाळू,
वाळूवर दोन वेळा पाणी, तोंडावर ओलं फडकं.
बाहेर चव्वेचाळीस, आत सव्वीस.
मी थर्मामीटर घालून तीनदा पाहिलं.
ती हसली, "माझी आजी यात टोमॅटो ठेवायची.
तुझ्या डिग्रीनं कधी वाकून पाहिलं का रे आत?"

ओम्दुरमानात असे आठ रांजण, आठ ठिकाणी.
चहावालीच्या बाकाखाली एक,
मशिदीत वजूच्या नळापाशी एक,
एक कुठं आहे ते रिहाबलाच माहीत.
गेल्या महिन्यात तोफेचा गोळा पडून दोन फुटले.
सहा राहिले.
याला मी पूर्वी तोटा म्हणालो असतो.

तिसरीत उस्ताद फदुल फळ्यावर बेरीज घालायचे:
सात आणि आठ पंधरा, पाच मांड, हातचा एक.
हातचा विसरलास की पुढचं सगळं खोटं,
म्हणायचे, आणि पट्टी.
वीस वर्षं मी हातचा विसरण्याचा पगार घेतला.
आता दहा कुप्यांतली एक बाजूला काढतो,
वहीच्या कोपऱ्यात बारीक आकडा लिहितो,
रस्ता तुटेल त्या दिवसासाठी.

परवा रात्री सित्तना आली, रेल्वे क्वार्टरातली.
लेक मुज्जम्मिल, नऊ वर्षांचा,
दुपारपासून पाणी पाणी करतोय,
श्वासाला नासक्या फळाचा वास.
ती रडली नाही. ओसरीच्या टोकाला
माझा रांजण आहे, त्याकडे बघत राहिली.
मी म्हणालो, ती कुपी ओम्दुरमानची आहे.
म्हणालो, रस्ता कधीही बंद होईल,
तिकडे सहा रांजणांवर किती घरं आहेत ठाऊक आहे?
बोलताना माझाच आवाज मला
टाय घातलेला वाटला.

फडकं बाजूला केलं.
कुपी तिच्या तळहातावर ठेवली.
कोपऱ्यातला आकडा खोडला, इतका जोरात
की मागचं पान फाटलं.

काल शेंदीचा रस्ता बंद झाला.
तिजानीचा पत्ता नाही. रिहाबचा फोन
एकदा वाजला, उचलेपर्यंत थांबला.

सकाळी मुज्जम्मिल दारात,
हातात डबडं, पायात थोरल्याच्या चपला.
वाळूवर पाणी मी घालू का, विचारतो.
रांजण रिकामा आहे.
घाल, म्हणालो, पण
हळूहळू, काठाकाठानं.